आत न येता मोजलेलं घर

“अहो, मग आपण राहता कुठे? दुकानात?”

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं आणि शेजारचा क्लार्क फिस्सकन हसला. माझा बापही हसला. लाचार, साहेबांना बरं वाटावं म्हणून. तेच मला जास्त झोंबलं.

आमचं गाव महापालिकेत गेलं आणि वस्तीवर मिळकत कराची पाहणी आली. आमच्या पुढच्या खोलीला दार नाही, शटर आहे. दारापेक्षा स्वस्त पडलं म्हणून बापाने जुन्या बाजारातून आणलेलं. आत आईची खाट, गॅस, कपाट. पाहणीचा माणूस रस्त्यावरच थांबला. कोपऱ्यावरचा निळा झेंडा त्याने आधी पाहिला, मग आम्हाला.

बाप म्हणाला, “साहेब, आत या की. ऱ्हातं घर हाय, बघून घ्या.”

“कशाला? इथूनच दिसतंय.”

आईने पाणी पुढे केलं, तर हा मागे सरकला! शटर पाहिलं, दुकान लिहिलं, गेला. दुकानाचा कर आम्हाला पेलणार नव्हता. थकला की घराला सील.

आम्ही अपील केलं. मी शनिवार पेठेतला, घराची मापं घेऊन अहवाल देणारा सरकारमान्य व्हॅल्युअर गाठला. खरं सांगते, त्याच्यावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. हाही बाहेरूनच मापं घेणार, असंच धरून चालले होते. तो टेप घेऊन आत फिरला, तर मी त्याच्या मागे मागे. त्याने राहतं घर लिहिलं.

साहेबांनी तो अहवाल उघडलासुद्धा नाही. “पैसे देऊन आणलेला. तुमच्याच बाजूने लिहिणार.”

“तुमचा माणूस तर आत आलाच नव्हता,” मी म्हणाले.

क्लार्कचं हसू मावळलं. साहेब एकदम गोड झाले. “ताई, कशाला ताणताय? अपील मागे घ्या. थोडं कमी करून देतो.”

माझं डोकंच सणकलं. एवढा गोडवा कशाचा? आत न आल्याचं कागदावर येऊ नये, म्हणून! बापाने तर सही करायला पेन उचललंही. “जाऊ दे पोरी, साहेब देत्यात ना.”

मी पेन काढून घेतलं. “आबा, भीक नकोय. साहेब, तो आत का आला नाही ते लिहा. आणि पुन्हा पाहणी लावा.”

“बघू.”

बघू म्हणजे काय, ते मला कळतं. सोमवारी पुन्हा जाणार आहे. तिथेच बसणार आहे. आमच्या घरात पाय न ठेवता लिहिलेल्या कागदावर या घरातलं कुणीही सही करणार नाही.