नलूताईंची गूळतुला

आमच्या भजनी मंडळातले किस्से पोटावरच्या चरबीसारखे. कधी साठले कळत नाही, आणि पदराखाली लपतही नाहीत. त्यातले बरेचसे नलूताईंचे.

*

एका दुष्काळात लष्करी छावणीपलीकडच्या आमच्या कॉलनीत टँकर यायचा. इमारती आधी आल्या होत्या, पाणी मागून येणार होतं. एकदा घागर घेऊन जिना चढताना नलूताई मधेच बसल्या. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "काय नाय, जरा दम खाते."

ईसीजी पाहून डॉक्टर म्हणाले, "हृदयावर ताण आहे. वजन उतरवा, नाहीतर अवघड आहे."

त्यांचे यजमान, आमचे भाऊ, तडक देवळात गेले आणि नवस बोलले, "नलू बरी होऊ दे, तिची गूळतुला करीन."

*

डॉक्टरांनी विचारलं, "उपवास करता का?"

"सोमवार, गुरुवार, शनिवार. वर एकादशी, चतुर्थी."

"खाता काय?"

"नुसती साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. अन्नाचा कण नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

*

माझी भाची मेघना प्रयोगशाळेत काम करते. भजनानंतर तिनं नलूताईंना समजावलं, "पोटातली चरबी गप्प पडून नसते, मावशी. तिच्या पेशी फुगल्या की रक्तात रसायनं सोडतात. त्यानं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते. सुजलेल्या अस्तरात कोलेस्टेरॉलचे कण शिरतात, तिथंच मुक्काम करतात, आणि वाट अरुंद होते."

नलूताई म्हणाल्या, "भाडेकरूच की. फुकट राहायचं, वर भिंती खराब करायच्या."

"वजन उतरलं तर सूज ओसरते का गं?" मी विचारलं.

"ओसरते, मावशी."

मी देवाला हात जोडले.

*

श्रावणात नलूताईंनी नवा नेम धरला. उपवासाला साबुदाणा बंद, थोडी भगर आणि ताक. रोज पहाटे टेकडीवरच्या देवीला झपाझप पायी.

कुणीतरी टोकलं, "नलूताई, देवी पळून चाललीय का?"

"देवी नाय, साबुदाणा मागं लागलाय."

*

पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही." देवळात तराजू टांगला. भाऊंनी गूळ आणला होता तो नवस बोलले तेव्हाच्या वजनाचा. एका पारड्यात नलूताई, दुसऱ्यात ढेपा. पारडी बरोबरीला आली, आणि एक अख्खी ढेप खालीच उरली.

भाऊ गोंधळले. "हिचं काय करायचं? नवसातली आहे."

"नवस फिटला," गुरुजी म्हणाले. "ही घरी न्या."

नलूताई उतरल्या, पदर खोचला, ढेपेला हात घातला. जेमतेम उचलली आणि परत खाली ठेवली. 

"अहो," त्या भाऊंना म्हणाल्या, "हे घेऊन जिना चढत होते व्हय मी?"