सुई वर बघते तोवर

हाल्डोर ब्रेक्के गणित शिकवायचा आणि मी शेजारच्या वर्गात भाषा. मधली भिंत लाकडी, पातळ. त्यामुळे कविता शिकवता शिकवता मलाही विकलज, म्हणजे एखाद्या क्षणीचा बदलाचा वेग, कळू लागला. दर वर्षी पानं पिवळी पडली की त्याचा तो धडा यायचा. फळ्यावर तो एक चढती, वळत जाणारी रेघ काढायचा आणि खिशातून आईची विणायची लांब सुई काढून तिला टेकवायचा, रेघेला एकाच बिंदूत शिवेल अशी.

"किती झालं ते तुमची आजीसुद्धा सांगेल. मला सांगा, आत्ता, या क्षणी, किती वेगाने होतंय? सुईचा कल बघा. सुई ताठ, तर वेग जास्त. सुई आडवी, तर त्या क्षणी बदल शून्य."

मग कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, वेग कमी झाला म्हणजे ती गोष्टच कमी झाली ना?" हाल्डोर खो खो हसायचा. "अरे, चढावर बस हळू झाली म्हणून मागे जाते का?"

बुटका, नीटनेटका माणूस. बाह्यांना खडूची धूळ, डब्यात रोज तपकिरी चीज लावलेला पाव. लग्न केलं नाही. आपलं म्हणावं असं माणूस एकच, थोरला भाऊ एलिंग. तो फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, वरच्या अंगाला, कड्याखालच्या वडिलांच्या शेतावर शेळ्या पाळून एकटा राहायचा.

त्या कड्याच्या माथ्यावर एक फट होती. त्यांचे वडील लहानपणी तिच्यावरून उड्या मारायचे. भूगर्भवाल्यांनी फटीच्या दोन्ही कडांना पोलादी खिळे ठोकले होते. दर शनिवारी वर जाऊन दोन खिळ्यांमधलं अंतर मोजायचं काम हाल्डोरने आपणहून मागून घेतलं होतं.

एका मे महिन्यात बर्फ वितळू लागलं आणि फट भराभर रुंदावत गेली. हाल्डोरने एलिंगच्या स्वयंपाकघरात आलेख पसरला.

"दादा, खाली चल."

"मास्तर, ही फट बाबांच्या लहानपणापासून आहे. एवढ्या वर्षांत सरकली किती? वीतभर. म्हणजे वर्षाला नखाएवढीसुद्धा नाही. त्याला घाबरून घर सोडू?"

"ती सरासरी झाली. बाबांच्या अख्ख्या आयुष्यात सरकली तेवढी या महिन्यात सरकलीय. ही सुई बघ, जवळजवळ उभी राहिलीय."

एलिंगने सुई हातात घेतली. "आईची ना ही? तिने हिच्यावर माझे मोजे विणले. तू डोंगर विणायला लागलास." पण तो आला. शेळ्या गावातल्या एका रिकाम्या गोठ्यात बांधल्या आणि धाकट्याच्या दोन खोल्यांत उन्हाळा काढला. मी कधी गेलो तर म्हणायचा, "कॉफी चांगली असते हो याची. पण खिडकी चुकीच्या बाजूला आहे." त्या खिडकीतून शेत दिसत नव्हतं.

उन्हाळा कोरडा गेला. भिंतीवर हाल्डोरने आता दोन आलेख लावले होते. एक फटीच्या रुंदीचा, चढत जाणारा. दुसरा नुसत्या वेगाचा. एलिंग दुसऱ्यासमोर उभा राहायचा.

"खाली येतंय."

"वेग खाली येतोय, दादा. फट उघडतेच आहे."

"पण मेपेक्षा बरं ना?"

हाल्डोरला खोटं बोलता येत नसे. "मेपेक्षा बरं."

गावानेही तेवढंच ऐकलं. दुकानात लोक एलिंगला म्हणायचे, "काय, डोंगर निवला म्हणे!"

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी एलिंगने हाल्डोरच्या वर्गाच्या खिडकीवर टकटक केली. खांद्यावर लांब दांड्याचा विळा होता.

"वर जातोय. गवत कापायला."

"सुई आडवी झाल्याशिवाय जायचं नाही, असं ठरलंय आपलं."

"झालीच आहे जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे झालेली नव्हे."

"आणि हिवाळ्यात शेळ्या काय खातील? तुझे आलेख?" वर्गातली मुलं हसली. एलिंगही हसला आणि गेला.

त्याने गवत कापलं, काठ्यांच्या मांडवांवर वाळत घातलं, आणि पाऊस लागला. थांबेचना. शनिवारी हाल्डोरने खिळ्यांमधलं अंतर मोजलं आणि तसाच भिजत शेतावर उतरला. वेग मेच्याही वर गेला होता.

"आत्ताच्या आत्ता चल."

"उद्या. ऊन पडलं की गवत उतरवतो, घेऊन येतो."

हाल्डोरने त्याचा हात धरून ओढलं. एलिंगने तो हलकेच सोडवला, लहानपणी सोडवायचा तसा. "जा तू. अंगावरचं भिजलेलं बदल."

रविवारी खरोखरच ऊन पडलं. आम्ही चर्चमधून बाहेर पडत होतो तेव्हा आवाज आला. आधी वाटलं, फ्योर्डवर मेघ गडगडला. मग वर करडी धूळ उठलेली दिसली. हाल्डोर माझ्या शेजारीच होता. तो धावला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला. शेत होतं तिथे आता दगडांचा उतार आहे. एलिंग सापडला नाही.

त्या शरदात मुख्याध्यापकांनी हाल्डोरला सांगितलं, तो धडा दुसरं कुणी घेईल. त्याने नकार दिला. मी माझ्या वर्गाला निबंध लिहायला लावला आणि भिंतीशी बसलो. फळ्यावर खडू फिरला. सुई टेकल्याचा आवाज आला. मग राग्नी नावाच्या मुलीने तो प्रश्न विचारला, नेहमीचाच. वेग कमी झाला म्हणजे ती गोष्ट कमी झाली ना?

हसू ऐकू आलं नाही.

"नाही," हाल्डोर म्हणाला. "इकडे ये. सुई हातात धर. बघ, कुठल्या बाजूला बघतेय?"

"थोडीशी वर."

"थोडीशी वर. म्हणजे अजून वाढतंय. ती वर बघतेय तोवर घरी जायचं नाही. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. पलीकडच्या पेन्सिली मला ऐकू येत होत्या.