मंगळवारचे दुखणाईत उंदीर

उंदराच्या तोंडाकडे बघून त्याचं डोकं दुखतंय की नाही हे ओळखणं कुणाला पोटापाण्याचं काम वाटत नसेल, तर सगळे ज्यांना उंदीरमामा म्हणत, त्या गृहस्थांना त्याने भेटायला हवं होतं. डोकेदुखी मेंदूत नेमकी सुरू कुठून होते, याचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळेत ते अकरा वर्षं हेच करत होते. उंदराचा फोटो पडद्यावर आला की मामा चष्मा सारखा करत आणि मार्क देत. डोळे बारीक, दोन. कान मागे, एक. मिशा ताठ, दोन. मार्क जितके जास्त, तितकं दुखणं जास्त. कुठल्या उंदराला नवं औषध दिलंय आणि कुठल्याला नुसतं पाणी, हे मामांना कळू द्यायचं नाही, असा नियम. पण त्यांची नजरच अशी, की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पाहुण्यांना सांगत, "एक वेळ मशीन चुकेल, आमचे मामा नाही."

आणि मामांना स्वतःलाच अर्धशिशी होती. सुरुवातीला सांगायचं राहून गेलं, आणि असं कौतुक सुरू झाल्यावर सांगायची सोय उरली नाही.

सोमवारी त्यांना सुटी. दहापर्यंत लोळायचं, झोपेची घडी मोडायची आणि मंगळवारी ठणकतं कपाळ घेऊन कामावर. अशा डोक्याने पडद्याकडे पाहिलं की प्रत्येक उंदीर त्यांना सख्खा भाऊ वाटे. बिचारा! घे दोन. तूही घे.

औषध आठवड्यातले पाच दिवस गुण दाखवतं आणि मंगळवारी साफ झोपतं, हे मॅडमच्या ध्यानात आलं. मामा चुकत नाहीत हे ठरलेलंच, म्हणून मॅडम मंगळवारच्या मागे लागल्या. मंगळवारी फरशी पुसायची नाही. मंगळवारी बुधवारचे एप्रन घालायचे. मंगळवारी लिफ्ट बंद. एकदा तर उंदरांच्या खोलीतलं कॅलेंडरच उतरवलं. न जाणो, वाचत असतील! मामा "बरोबर आहे, मॅडम" म्हणत चार मजले चढत. चढल्यावर ठणका वाढे, आणि उंदरांचे मार्कही.

शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, "येत्या मंगळवारी पुन्हा हेच झालं, तर हे औषध बंद. फाईल कपाटात."

सोमवारी दुपारी मामा ताटावर नुसते बसून राहिले.

"अहो, औषध लागू पडतंय ना?" बायकोने विचारलं.

"पाच दिवस पडतंय, म्हणजे पडतंच."

"आणि ते तुमच्याच दुखण्यावरचं?"

"हो."

"मग त्यावर बोळा कोण फिरवतंय?"

"मीच."

"धन्य आहे तुमची! सांगून टाका की."

"खुर्ची जाईल गं."

"मग ती खुर्चीच बांधा कपाळाला. ठणका थांबला तर मलाही सांगा."

मंगळवारी पहिला उंदीर पडद्यावर आला. मामांना त्याचे डोळे बारीक वाटले. दोन लिहिता लिहिता हात थांबला. ते उठले आणि थेट मॅडमच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मॅडम, दुखणं उंदरांचं नाही. माझं आहे."

मॅडमना उलगडा व्हायला जरा वेळ लागला. "म्हणजे तीन महिने मी उगाच जिना चढले?"

"हो."

"डोकेदुखीच्या प्रयोगशाळेत बसून डोकं दुखतं हे लपवलंत? अकरा वर्षं?"

"इथे सगळे उंदरांनाच विचारतात, मॅडम."

खुर्ची गेली ती गेलीच. पण सगळे फोटो जपून ठेवलेले होते. मंगळवारचे मार्क नव्याने देता येणार होते. देणार कोण? परीक्षा म्हणून मॅडमनी आठवडाभर मामांचेच रोज फोटो काढले आणि ते प्रयोगशाळेत सगळ्यांपुढे मांडले. दुखरा चेहरा कुणालाच ओळखता येईना. तेवढ्यात मामांचा विसरलेला चष्मा द्यायला बायको आली. तिने टेबलावर एक नजर टाकली.

"हा मंगळवार. इथे नुसते रुसलेत. आणि इथे भूक लागलीय."

मॅडमनी तिथल्या तिथे तिला खुर्चीत बसवलं.

बायकोने पंधरा दिवसांत सगळे मंगळवार उलगडून दिले. "याला काही झालेलं नाही, लाडात आलाय. हा मात्र खरंच बेजार आहे, शून्य देऊन चालायचं नाही." बेजार निघाले ते पाणीवाले; औषधवाले मंगळवारीही मजेत होते. फाईल टेबलावरच राहिली.

मामा आता पिंजरे धुतात. मंगळवारी मागून हळूच पडद्याकडे डोकावले, की बायको मान न वळवता म्हणते, "जा, अंधारात पडा जरा. मी आहे इथे."