भोंग्याचे शब्द

बँडमध्ये सगळे त्याला भोंगा म्हणायचे, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. दिवसभर तो कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये मेणात एकेक दात बसवत बसायचा. तिथे त्याचा आवाज कुणी ऐकला असेल तर शपथ. रविवारी सकाळी मात्र सुतारखान्यामागच्या खोलीत, जुन्या गाद्या ठोकलेल्या भिंतींमध्ये तो माईक धरायचा आणि पोटातून असा ओरडायचा की खिडकीची काच थरथरायची. बँड मेटलकोरचा: धडाधड ड्रम, करवतीसारख्या गिटारी आणि गाण्याच्या जागी किंकाळी. चौदा वर्षं हेच चाललं होतं.

गिटारवाला त्याचा सख्खा मेहुणा. एका रविवारी त्यानंच विषय काढला.

"भाऊजी, रागावू नका. मला आता चाल हवीय. लोकांनी घरी जाताना गुणगुणावं असं काहीतरी. साधं रॉक."

"म्हणजे मी ओरडायचं नाही?"

"गाऊन तर बघा."

भोंग्यानं गाऊन बघितलं. दोन ओळींत ड्रमवाल्यानं मान खाली घातली, मेहुणा उगाचच गिटारीच्या खुंट्या पिळत बसला. सुराच्या वाटेला भोंगा कधी गेलाच नव्हता. मग माईक गेला बसवालीकडे. ती शाळेची बस चालवायची आणि बँडमध्ये बेस गिटार वाजवायची, त्यामुळे बसवाली म्हणा की बेसवाली, दोन्ही तिला लागू पडायचं. एरवी तोंडातून शब्द न काढणारी बाई, पण गायली तेव्हा सगळे बघतच राहिले. भोंगाही. त्याला तेच जास्त लागलं.

"छान आहे," एवढं म्हणून तो जॅकेट उचलून निघाला. पुढचे पाच रविवार फिरकला नाही.

घरी बायकोची पंचाईत. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ. "मी कुणाचीच बाजू घेणार नाही," ती म्हणाली. "पण तेवढं कपाट आवरणं थांबव. तिसऱ्यांदा आवरतोयस."

सहाव्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. दुपारचा कार्यक्रम ठरला होता. "तुमचं एक जुनं गाणं नव्या चालीत बसवलंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही वाजवणार."

"कुठलं?"

"तुमच्या बाबांचं."

 पक्षाघातानं वडलांची वाचा गेली, तेव्हा भोंग्यानं ते लिहिलं होतं. इतकी वर्षं तो ते शेकडो लोकांसमोर ओरडत होता, पण त्यातलं अक्षरही कुणाला कळत नव्हतं, आणि त्याला तेच सोयीचं होतं.

"वाजवा," शेवटी तो म्हणाला.

कार्यक्रमाला भोंगा प्रेक्षकांत बसला. बरोबर बायको आली, आईही आली. आई पूर्वी एकदाच आली होती, आणि कानात बोळे घालूनही दहा मिनिटांत उठली होती. बसवालीनं हळूच सुरुवात केली:

"खुर्ची सरकवलीत, म्हणजे भूक लागली.
दार लोटलंत, म्हणजे आता पुरे.
भिंतीवर दोनदा टकटक केलीत, बाबा,
ती मात्र मला कळली नाही."

आईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "अरे, ती मला हाक होती," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात असले की टकटक करायचे. तुला काय वाटलं?"

"मला वाटायचं, माझ्याकडे काहीतरी मागतायत. आणि मला समजत नाहीये."

"इतकी वर्षं? वेड्या, विचारायचंस ना!"

त्याला रडू आवरेना. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "विकले गेलात!" ती काळ्या टी-शर्टवाली जुनी श्रोतेमंडळी होती, त्याचीच माणसं. बाहेर पडताना त्यातल्या एकानं त्याला गाठलं. "भोंग्या, माईकवर तू असतास तर ही वेळ आली नसती."

"शब्द माझेच होते की."

"त्यात शब्द होते?" त्यानं खरोखरच्या आश्चर्यानं विचारलं.

पुढच्या रविवारी भोंगा वही घेऊन हजर झाला. कार्यक्रमात एक गाणं त्याच्या ओरडण्याचं ठेवायचं ठरलं. एकच का, म्हणून त्याला वाईट वाटायचं, आणि ते कधी पूर्ण गेलं नाही. जुनी निम्मी मंडळी यायची बंद झाली, नवी येऊ लागली. तो लिहीत राहिला.

"या ओळीत माझा श्वास पुरत नाही," बसवाली म्हणायची. "एक शब्द काढ."

"कुठला काढू? सगळे लागतात."

मग दुपारपर्यंत त्या एका शब्दावरून दोघांची जुंपायची.