ढोलीतल्या मादीला कोण भरवत होतं?

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचं, घरात अर्धं मराठी अर्धं कन्नड, आणि माझी नोकरी बँकेत. रविवारी दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जायचं, एवढाच काय तो नाद. त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा...

जे. पी. नगरहून गाडीने तासाभरावर एक पानगळीचं जंगल आहे. मार्च सरताना तिथे नुसता पाचोळा आणि ऊन. तिथल्या एका जुन्या ऐनाच्या ढोलीत मला राखी धनेशाचं घरटं सापडलं. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. नर फळं आणून भरवेल तेव्हा खायचं. तो आला नाही की संपलं सगळं.

म्हणून आम्हा पक्षीवाल्यांत एक नियम आहे — घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही. मी फक्त अण्णाला सांगितली. अण्णा म्हणजे माझा मावसभाऊ. दुर्बीण कशी धरायची हेसुद्धा त्यानेच शिकवलेलं. त्याच्यासाठी मी अजूनही पुट्टी, म्हणजे छोटीच. "पुट्टी, मी कुणाला सांगेन का गं?" म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला.

पुढच्या रविवारी गेले तर झाडाखाली गाड्यांची रांग. मोठमोठे कॅमेरे, आणि एकाच्या मोबाइलवर धनेशाची रेकॉर्ड केलेली हाक मोठ्याने लावलेली — दुसरा नर आलाय असं वाटून घरधन्याने चिडून खाली यावं आणि फोटो झकास मिळावा म्हणून. मधोमध अण्णा, सगळ्यांना फट दाखवतोय. नर आला. आवाजाच्या दिशेने सरळ खाली झेपावला आणि एका निघालेल्या गाडीच्या काचेवर आपटला. जागच्या जागी गेला. चोचीवरच्या शिंगाचं टोक पहिल्यापासूनच तुटलेलं, म्हणजे आमचाच नर.

"स्वल्प जास्तच झालं गं," अण्णा म्हणाला. स्वल्प म्हणे! मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. परका असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून मी रजा टाकली. लांब बांबूच्या टोकाला उंबरं बांधून फटीशी धरली, तर मादी चोच आत ओढून घ्यायची. दुपारपर्यंत हात भरून आले. शेवटी बांबू खाली टाकला आणि तिथेच पाचोळ्यात रडत बसले.

तेवढ्यात पंखांचा आवाज आला. धनेश उडताना पंख वाजतात, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. वर पाहिलं तर कुणी नाही. पण फटीतून मादीची चोच बाहेर आली, उघडली... आणि तिच्यात पिकलेलं फळ होतं. तिने ते गिळलं. मग दुसरं. लख्ख उन्हात, दुर्बिणीतून बघत होते मी. ढोलीसमोर नुसती हवा होती.

पुढे रोज तेच. दुसरा नर येत असेल म्हणाल, तर एकही पान नसलेल्या झाडावर एवढा मोठा पक्षी लपेल कुठे? मला ऊन लागलं असेल म्हणाल, तर मादी जगली कशी? कारण ती जगली. लिंपण फोडून बाहेर आली, आणि काही दिवसांनी पिल्लंही उडाली.

तिला कोण भरवत होतं, मला आजही सांगता येत नाही. हे ज्याला सांगावं आणि ज्याने न हसता ऐकावं, असा माणूस मला एकच होता. त्याचा फोन आला तेव्हा पिल्लं उडालेली बघून मी नुकतीच जंगलातून परतले होते.

"पुट्टी, मादीचं काय झालं गं?"

"मेली," मी म्हटलं. "पिल्लांसकट. उपाशी."

अण्णा रडायला लागला. मी फोन ठेवला नाही. ऐकत राहिले.