कोऱ्या मांजरपाटाचा वास

नातीनं गोधडीच्या अस्तरासाठी कोरा मांजरपाट आणलाय. त्याच्या खळीचा वास आला आणि मी भाईंदरच्या आमच्या कापडाच्या दुकानात जाऊन बसले.

लढाईवर जाण्याआधी बाबा कापड फाडून देत. कडेला कात्रीची एक चीर, मग टर्रकन सरळ. ब्रह्मदेशातून परतल्यावर मात्र ते सगळं कात्रीनंच कापू लागले. तिथे ते जखमींना पट्ट्या बांधत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

एकदा जवळच्या मोरवा गावची एक कोळीण आली. म्हणाली, "कात्रीनं न्हाय, शेट. वाकडं जातं. फाडून दे."

बाबा थांबले. आतून आई म्हणाली, "अहो, द्या ना फाडून. गिऱ्हाइकं तुटतायत अशानं."

त्यांनी फाडलं. आणि मग थांबलेच नाहीत. तेच कापड चार बोटं रुंद फाडत गेले, प्रत्येक पट्टी घट्ट गुंडाळून गादीवर ओळीनं ठेवत गेले. कोळणीनं टोपली खाली ठेवली आणि त्यांचं मनगट धरलं. "बस कर, दादा."

त्यानंतर आमच्या दुकानात कापड कधी फाडलं गेलं नाही. त्या गुंडाळ्या आईनं जपून ठेवल्या. आमची ढोपरं फुटली की त्याच बांधायची, पण बाबांना दिसू नये म्हणून आत मोरीत नेऊन.

तिनं ते मायेनंच केलं. आता वाटतं, एकदा तरी त्यांना हाक मारायला हवी होती. बरी होणारी जखम बांधायला मिळाली असती त्यांना.