अमेरिकन आमदाराची शिफारस

कुवेतच्या लढाईच्या वेळी मी सौदीत अबकैकजवळच्या एका कॅम्पात स्वयंपाकी होतो. शेजारीच अमेरिकन राखीव दलाची तुकडी उतरली होती. तिच्यातला पन्नाशीला आलेला एक सार्जंट पाकिटातलं खाऊन कंटाळला की आमच्याकडे डाळभात जेवायला यायचा. आपल्या राज्यात तो तीनदा निवडून आलेला आमदार होता. घरी ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. नुसत्या आमदारकीवर भागत नाही, म्हणाला. यावर आमच्या खोलीत कोणाचाच विश्वास बसला नाही.

माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल जन्मताच गेलेलं, म्हणून या खेपेला मला घरी असायचंच होतं. पण पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आमच्या अरबी मालकाकडे, आणि तो म्हणे, "लढाई संपेपर्यंत सुट्टी नाही. खलास."

आम्ही कोकणातली माणसं. काम अडलं की आमदाराचं पत्र, एवढं आम्हाला ठाऊक. मी रीतसर अर्ज लिहून सार्जंटपुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

"इथे माझ्या पत्राला कोण विचारतो? मला स्वतःला हलायचं तर कॅप्टनची सही लागते."

मला राग आला. आमच्याकडचा आमदार निदान 'बघतो' तरी म्हणाला असता. त्या दिवशी मी त्याला दुसऱ्यांदा भात विचारला नाही. आजही त्याची लाज वाटते.

चार दिवसांनी तो आपण होऊन कफीलच्या ऑफिसात आला. तासभर बसला, मी नेऊन दिलेला कहवा घेतला, मुलाबाळांची, उंटांची चौकशी केली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "याच्या घरी बाळ येणार आहे."

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट माझ्या हातात होता.

निघण्याआधी मी त्याच्यासाठी शिरा केला. तेव्हा त्याने सांगितलं. गावात दवाखाना व्हावा म्हणून नऊ वर्षं खपून त्याने विधेयक आणलं होतं. मतदानासाठी मागितलेली रजा नामंजूर झाली. कफीलकडे आला त्याच दिवशी तिकडे मतदान होतं. विधेयक एका मताने पडलं.

"त्या दिवशी कोणाचं तरी एक काम करायचंच होतं," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं.

चिपळूणच्या दवाखान्यात मुलगी झाली, तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. सासऱ्यांनी विचारलं, "लढाईत सुट्टी कशी मिळाली?"

"आमदारांनी शब्द टाकला."

"कुठल्या?"

"आपल्याच," मी म्हणालो.